आधी जोड, मग नळी, मग मशीन: मोटरसायकलच्या एका फ्रेमचं प्रकरण

पार्श्वभूमी

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात वहीचं एक पान होतं आणि त्यावर दोनच ओळी: "४१३० क्रोमोली, २५ मिमी, जाडी १.२. मिग चालेल ना सर?" क्रोमोली म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद, आणि मिग म्हणजे आपोआप सरकणाऱ्या तारेने वेल्डिंग करणारं मशीन.

तो मोटरसायकल मेकॅनिक. इंजिन उघडणं-बांधणं हा रोजचा धंदा, जोडीला गेट, रेलिंग, स्टँड असली कामं रॉडने आणि मिगने वर्षानुवर्षं करत आलेला. त्याच्याकडे अपघातातली एक गाडी होती. साडेतीनशे सीसीच्या घरातलं एका सिलिंडरचं इंजिन धडधाकट, पुढचे फोर्क मोजून पाहिले तर सरळ, मागचा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा हलता हात, ठीक. फ्रेम मात्र डाउनट्यूबला, म्हणजे इंजिनच्या पुढून खाली उतरणाऱ्या नळीला, मुडपलेली. त्याला कच्च्या वाटेवर चालवायला हलकी, अरुंद गाडी हवी होती आणि फ्रेम स्वतःच्या हाताने बांधायची होती. मी वेल्डिंग शिकवतो. फ्रेमला माझा हात लागला होता तो दुरुस्तीपुरता. या प्रकरणात आम्ही दोघं आणि लेथवाले एक काका, एवढीच माणसं आहेत. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

अडचण

त्या दोन ओळींत दोन निर्णय होऊन गेले होते: नळी कोणती आणि मशीन कोणतं. फ्रेमचं चित्र मात्र कागदावर अजून नव्हतंच. जोड किती, कुठे, कोणत्या कोनात, कोणत्या जोडावर किती ताण, यातलं काहीच ठरलं नव्हतं. हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं आहे. सामानाचं नाव आधी मनात बसतं आणि मग फ्रेम त्या नावाभोवती बेतली जाते.

फ्रेमचं मुख्य काम तसं थोडक्यात सांगता येतं. पुढची हेडट्यूब (फोर्क आणि हँडल जिच्यात फिरतात ती नळी) आणि मागचा स्विंगआर्मचा पिव्हट (तो ज्यावर हलतो ती खीळ) एकमेकांशी पक्के धरून ठेवायचे, म्हणजे दोन्ही चाकं एका पातळीत राहतात. करकचून ब्रेक लावला की पुढचं चाक जमिनीला अडतं आणि फोर्क पहारीसारखा हेडट्यूब उपटायला बघतो. जमिनीपासून हेडट्यूबपर्यंतचं अंतर ८०० मिमीच्या आसपास आणि हेडट्यूबची स्वतःची उंची जेमतेम १६० मिमी धरली, तर चाकावरचा जोर वरखालच्या बेअरिंगांवर चार-पाच पटीने येतो. ब्रेक मारताना एका दिशेने, खड्ड्यातून निघताना दुसऱ्या. हजारो वेळा.

म्हणजे प्रश्न असा झाला: हेडट्यूबभोवतीचे जोड हजारो उलटसुलट हिसके खाऊनही तडकू नयेत यासाठी या माणसाच्या हाताला, या वर्कशॉपमध्ये, कोणती नळी आणि कोणतं वेल्डिंग जमेल? 'सगळ्यात चांगली नळी कोणती' हा प्रश्न इथे कामाचाच नव्हता.

अजून एक बाब पहिल्याच दिवशी बोलून घेतली. घरी बांधलेल्या फ्रेमची नोंदणी कशी होते, होते का, हे नळी विकत घेण्याआधी विचारून घ्यायचं. ते त्याने केलं आणि गाडी खासगी मैदानापुरतीच ठेवायचं ठरवलं.

नळी: कोणते पर्याय तोलले

क्रोमोलीबद्दलचा गैरसमज आधी दूर करावा लागला. त्याला वाटत होतं, क्रोमोलीची फ्रेम जास्त ताठ असते. तसं नसतं. साध्या पोलादाचा आणि ४१३०चा यंग्ज मॉड्युलस (ताठपणाचं माप) जवळजवळ एकच, २०० ते २१० गिगापास्कल. त्याच मापाच्या दोन नळ्या सारख्याच लवतात. फरक आहे तो ताकदीत. साधं पोलाद सुमारे २५० मेगापास्कलला कायमचं वाकतं, नॉर्मलाइझ केलेलं (तापवून हवेत निवू दिलेलं) ४१३० चारशेच्या पुढे तग धरतं. या जास्तीच्या ताकदीचा फायदा वजनात घ्यायचा तर नळी पातळ करावी लागते, आणि नळी पातळ केली की ताठपणा जातो.

आम्ही हिशोब मांडला. २५ मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची नळी मीटरला १.१३ किलो भरते. तीच १.२ मिमी जाडीची घेतली तर ०.७ किलो. फ्रेमला साधारण ९ मीटर नळी लागणार होती, तेव्हा सगळीकडे पातळ नळी वापरली तर पावणेचार किलोच्या आसपास वाचतील. पण वाकण्याविरुद्धचा ताठपणा एक तृतीयांशाने घटेल. उलट ३२ मिमी व्यास आणि १.५ मिमी जाडी घेतली तर वजन पुन्हा १.१३ किलोच, आणि ताठपणा २५×२ च्या १.७ पट. वजन तेच, पोलाद तेच, फक्त व्यास वाढला. हे आकडे पाहून तो बराच वेळ गप्प बसला. पानावरचं '४१३०' त्याने स्वतःहून खोडलं नाही, पण त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा, आणि तो मी पुन्हा पुन्हा सांगत राहतो. फ्रेम सहसा नळीच्या मधोमध तुटत नाही. ती वेल्डच्या कडेला, बीड (वेल्डची उंचावलेली रेघ) आणि नळी भेटतात त्या रेषेवर, थकव्याने तडकते. वेल्ड केल्यावर तसाच ठेवलेला जोड किती हिसके सोसतो, हे त्या कडेच्या आकारावर ठरतं. नळीचं पोलाद भारी असलं तरी त्यात फारसा फरक पडत नाही. महागडी नळी घेऊन कडेला अंडरकट, म्हणजे वितळून खणली गेलेली चर, ठेवला, तर पैसे नळीला गेले आणि तडा अंडरकटमधून गेला, असं होतं.

तरीही मी त्याला क्रोमोलीला नाही म्हटलं नाही. एक मीटर ४१३० आणून बघ, म्हटलं. त्याने टी-जोड मारला आणि गेटच्या कामात करतो तसा गरम तुकडा सरळ पाण्याच्या बादलीत बुडवला. मग मी त्याच्या हातात कानस दिली. बीडपासून लांब कानस नेहमीसारखी धरत होती. बीडला लागून दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात ती काचेवरून घसरावी तशी घसरली. तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोड्याचे दोन घाव घातले, तेव्हा तो बीडच्या बाजूने खाडकन तुटला. तुटलेलं तोंड चकचकीत, साखरेसारखं दाणेदार. ४१३० मध्ये कार्बन ०.२८ ते ०.३३ टक्के असतो, शिवाय क्रोमियम आणि मॉलिब्डेनम. इतकं गरम करून झटकन थंड केलं की त्याचं कडक, ठिसूळ पोलाद होतं. एरवी पातळ ४१३० नळी उबदार खोलीत, वाऱ्याच्या झोताबाहेर वेल्ड करून सावकाश निवू दिली तर ती चांगली वागते, आधी तापवावीही लागत नाही. पण ती सवयी माफ करत नाही. त्याची बादलीची सवय पंधरा वर्षांची होती.

'४१३०' त्याने त्याच संध्याकाळी खोडलं.

उरले तीन पर्याय. पाणीपुरवठ्याचा जस्त चढवलेला पाइप आम्ही विचारातही घेतला नाही. त्याचं माप आतल्या पोकळीच्या नावाने चालतं, जाडी भरवशाची नसते, आणि जस्ताचा धूर अंगात गेला की रात्री ताप भरतो. ईआरडब्ल्यू नळी, म्हणजे पट्टी वळवून लांबीला शिवण मारलेली, वाईट नव्हे. कारखान्यातल्या कित्येक फ्रेम तिच्याच असतात. फक्त वाकवताना शिवण आतल्या किंवा बाहेरच्या वळणावर येऊ द्यायची नाही, बाजूला ठेवायची. तिसरा पर्याय कमी कार्बनची, थंड ओढलेली सीमलेस, म्हणजे शिवणच नसलेली.

त्याने सीमलेस निवडली. आणि इथे एक घोटाळा झाला. सीमलेस म्हणून आलेल्या नळीचं तोंड काकांनी सहज बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "अरे, हिला शिवण आहे." खरंच होती. आतल्या बाजूला नखाला लागेल एवढीच उभी रेघ. विकणाऱ्याने मुद्दाम केलं की त्यालाही माहीत नव्हतं, त्यात आम्ही शिरलो नाही. माल परत केला आणि दुसऱ्या खेपेला नळी बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला बघून नळी घेतली. वरचा कणा ३८×२, डाउनट्यूब आणि इंजिनखालचा पाळणा २५×२, मागची सीटखालची चौकट २०×१.६, तीही ईआरडब्ल्यू, कारण तिथे ताण कमी. कणा ३८ चा केल्यावर मीटरला वजन दीडपटीच्या थोडं वर गेलं आणि ताठपणा २५×२ च्या पावणेचार पटीपुढे. सगळ्या मुख्य नळ्यांची जाडी मुद्दाम २ मिमी ठेवली. एवढ्या जाडीला नवख्या हाताने सहसा भोक पडत नाही.

वेल्डिंग: कोणतं मशीन

त्याच्याकडे २०० अँपिअरचं मिग होतं आणि त्यावर त्याचा हात बसलेला. मिगने फ्रेम होत नाहीत असं मुळीच नाही. कारखान्यात रोबो त्याच पद्धतीने करतात. पण रोबोला मापं, वेग आणि कोन रोज तेच मिळतात. हाताने करताना मिगची एक खोड आड येते. चाप दाबला की तार लगेच वितळून पडू लागते, खालचं पोलाद मात्र अजून थंड असतं. सुरुवातीचे काही मिलिमीटर बीड वरवर चिकटून बसतं, आत मुरत नाही. गेटच्या लांब शिवणीत हे खपतं. २५ मिमी नळीचा परीघच ७८.५ मिमी. एक जोड चार भागांत मारायचा म्हणजे वीस-वीस मिलिमीटरचे चार तुकडे, चार सुरुवाती. जोडाचा मोठा हिस्सा सुरुवातींचाच झाला.

हे पटवायला मी त्याच्याच हातचा मिगचा जोड करवतीने उभा कापला, तोंड कानस आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत केलं आणि फेरिक क्लोराइड लावलं. अर्ध्या मिनिटात वेल्डचा भाग वेगळ्या करड्या रंगात उठून दिसला. बीड बाहेरून देखणं होतं. आत, जिथे सुरुवात होती तिथे, बीड आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ. "हे तर नुसतं वर बसलंय," तो म्हणाला.

लेप दिलेल्या वेल्डिंग रॉडने २ मिमी नळी जोडता येते, पण तीन नळ्या जिथे एकत्र येतात तिथल्या कोपऱ्यात स्लॅग, म्हणजे त्या लेपाचं कवच, अडकतो आणि निघत नाही. तो पर्याय लवकर गळला.

पितळेच्या झाळेवर मात्र आम्ही खूप बोललो. १९५० मध्ये नॉर्टनने शर्यतीत उतरवलेली, मॅककँडलेस बंधूंची 'फेदरबेड' फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ नळीची होती आणि तिचे जोड ब्राँझने (हेही मुळात पितळच) झाळलेले होते. रिकमन बंधूंच्या 'मेटिस' फ्रेमही तशाच. ५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद. ब्राँझची झाळ पोलाद न वितळवता ९०० अंश सेल्सिअसच्या आत-बाहेर बसते आणि कडेला छान गोलाई सोडते. मला त्या फ्रेम आवडतात त्या याच कारणाने: जोड कसा करायचा आणि नळी कोणती, हे तिथे एकमेकांना विचारून ठरलेलं दिसतं. पण आमच्याकडे गॅसवर झाळणारा सराईत हात नव्हता. शिवाय ती एकतर्फी वाट आहे. एकदा पितळ लागलेल्या जागी पुढे वेल्डिंग करायचं म्हटलं तर तांबं-जस्त वितळलेल्या पोलादात शिरतं आणि जोड तडकतो. चुका सुधारत शिकणाऱ्याला ती वाट अवघड.

उरलं टिग: एका हाताने टंगस्टनच्या टोकाचा आर्क धरायचा, दुसऱ्या हाताने भरण्याचा रॉड द्यायचा. हळू, स्वच्छतेचा हट्ट धरणारं, दोन्ही हातांना आणि पायाला काम देणारं. पण उष्णता वेगळी आणि भरणा वेगळा, दोन्ही आपल्या ताब्यात. आधी वितळलेल्या पोलादाचं डबकं तयार झालेलं डोळ्यांनी बघायचं, मगच रॉड टेकवायचा. सुरुवात थंड राहण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण वितळल्याशिवाय आपण पुढे जातच नाही.

दुकानात त्याला एसी-डीसी मशीन घे असं सांगितलं गेलं. एसी लागतं अॅल्युमिनियमला. पोलादाला डीसी पुरतं. अंदाजाचा नियम असा की दर मिलिमीटर जाडीला ४० अँपिअर, म्हणजे २ मिमी नळीला ८० च्या आसपास. हेडट्यूबची भिंत ५ मिमी, पिव्हटच्या पट्ट्या ६ मिमी, तिथे दीडशेपर्यंत जावं लागेल. म्हणून २०० अँपिअरचं डीसी मशीन, पण तीन अटींवर: हाय-फ्रिक्वेन्सी स्टार्ट हवा, म्हणजे टंगस्टन नळीला घासावं लागत नाही, पायाचं पेडल हवं, आणि १५० अँपिअरला किती मिनिटं सलग चालतं ते पाटीवर वाचून घ्यायचं. अँपिअरच्या मोठ्या आकड्यापेक्षा पेडल महत्त्वाचं, असं माझं ठाम मत आहे. जोडाच्या शेवटी पाय हळूहळू उचलला की खड्डा भरून येतो. खटकन बंद केलं की तिथे ताऱ्यासारखी बारीक भेग राहते.

भरण्याला ईआर ७०एस-२ चा १.६ मिमी रॉड. त्यात टायटॅनियम, झिर्कोनियम, अॅल्युमिनियम थोडं थोडं असतं आणि ते डबक्यातला ऑक्सिजन ओढून घेतात, म्हणून छिद्रं कमी पडतात. टंगस्टन लँथनम घातलेलं. थोरियमवाल्याची धूळ किरणोत्सारी असते, घासताना नाकात जाते, आणि आता त्याची गरजही नाही. गॅसचा झोत शांत ठेवणारी गॅस लेन्स आणि गॅस सोडणारा ८ नंबरचा कप.

पहिल्याच दिवशी त्याने मिगचाच सिलिंडर टिगला लावला. त्यात आर्गॉनबरोबर कार्बन डायऑक्साइड असतो. टंगस्टनचं टोक काही सेकंदांत काळंहिरवं होऊन फुगलं आणि बीड काजळलं. टिगला शुद्ध आर्गॉनच लागतो. ही चूक स्वस्तात निस्तरली.

दुसरी चूक निस्तरता आली नसती, म्हणून तिच्यावर मी त्याला ओरडलो. नळी पुसायला त्याने ब्रेक क्लीनरचा डबा उचलला होता. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं. ते आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत आलं की फॉस्जीन तयार होऊ शकतो. तो विषारी वायू आहे, फुप्फुसावर जातो, आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. मेकॅनिकच्या हाताशी हा डबा कायम असतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे. वेल्डिंगआधी पुसायला अॅसिटोन. तेही सुकू द्यायचं, डबा झाकण लावून लांब ठेवायचा, आणि मगच आर्क.

सरावाचे तुकडे

फ्रेमला हात लावण्याआधी त्याने सहा आठवडे नुसते तुकडे जोडले. त्याच नळीचे, त्याच कोनातले. सपाट पत्र्यावर सराव करायचा नाही, हा माझा नियम. फ्रेमवर एकही सपाट जोड नसतो.

वेळ गेला तो मुख्यतः कानशीला. नळीचं टोक दुसऱ्या नळीवर बसावं म्हणून माशाच्या तोंडासारखी खाच काढावी लागते. होल-सॉने काढली तरी शेवटचं बसवणं कानशीनेच होतं. उजेडाकडे धरून बघायचं. फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठी दिसली तर पुन्हा कानस. मोठी फट भरायला जास्त उष्णता लागते, जास्त उष्णतेने नळी जास्त ओढली जाते. पहिल्या पंधरवड्यात तो फट रॉडने भरून काढायचा. पुढे खाच नीट बसायला लागली आणि वेल्ड आपोआप सुधारलं.

प्रत्येक दिवसाचा एक तुकडा कापून, घासून, फेरिक क्लोराइड लावून बघायचा. एक तुकडा व्हाइसमध्ये चपटा करायचा. रंगावरूनही कळायचं: बीडच्या कडेला सोनेरी, जांभळा, निळा म्हणजे गॅस आणि उष्णता बरी, मातकट करडा म्हणजे जास्त तापलं किंवा झाकण कमी पडलं. कापलेल्या तुकड्यांत सलग दहा दिवस काळी रेघ दिसली नाही, तेव्हाच नळी फ्रेमच्या मापाने कापायला घेतली.

जिग आणि बांधणी

जिग, म्हणजे नळ्या जागच्या जागी धरणारा सांगाडा, जाड चौकोनी पाइपचं केलं. हेडट्यूब धरायला दोन शंकू, पिव्हटला आरपार सळई, आणि मध्ये इंजिनचा रिकामा केस. भरलेलं इंजिन लावायला मी नको म्हटलं. अर्थिंगचा चिमटा चुकीच्या जागी लागला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि गोळ्यांवर ठिणग्यांचे डाग पडतात.

रेक, म्हणजे हेडट्यूबचा उभ्या रेषेशी कोन, २६ अंश ठरवला. ३३० मिमी त्रिज्येचं चाक आणि ५० मिमी ऑफसेट (हेडट्यूबच्या रेषेपुढे चाकाचा आस किती) धरला तर ट्रेल, म्हणजे ती रेषा जमिनीला लागते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, येतो १०५ मिमी. एक अंश चुकून २७ झाला तर ११२. म्हणजे हेडट्यूब अंशभर हलली तरी हँडलचा स्वभाव बदलतो.

सगळे जोड आधी चार-चार ठिकाणी टॅक केले, म्हणजे ठिपक्याएवढ्या वेल्डने धरले, मापं घेतली, मग समोरासमोर पाव-पाव जोड मारत गेला. प्रत्येक बंद नळीला आतून बारीक भोक ठेवलं. नाहीतर शेवटचा सेंटिमीटर मारताना आतली तापलेली हवा डबक्यातून फुसकन बाहेर येते आणि छिद्र पाडते.

एका संध्याकाळी हात छान चालत होता, म्हणून त्याने क्रम सोडला आणि डाउनट्यूबचे हेडट्यूबशी होणारे दोन्ही जोड एका बैठकीत पूर्ण केले. दुसऱ्या दिवशी जिगमधून सोडल्यावर कोन मोजला: २५.६. खालचे जोड आक्रसताना हेडट्यूबचं खालचं टोक मागे ओढलं गेलं होतं. आता काय? तापवून परत ओढायचं, की राहू द्यायचं? आम्ही आधी पिव्हटच्या सळईशी तुलना करून हेडट्यूबला पीळ बसलाय का ते पाहिलं. डावी-उजवी बाजू सारखी होती. पीळ असता तर जोड कापायला लावला असता. ट्रेल अडीच मिलिमीटरच्या थोडा वर कमी झाला होता, तो स्वीकारला.

बेअरिंगच्या बैठका काकांनी आधीच अर्धा मिलिमीटर कमी ठेवल्या होत्या. वेल्डिंगनंतर त्या लंबगोल झालेल्या निघाल्या, तेव्हा त्यांनी त्या लेथवर गोल करून दिल्या. आधी पूर्ण मापाच्या करून ठेवल्या असत्या तर हेडट्यूब वाया गेली असती.

फ्रेम रिकामी १३ किलोच्या आसपास भरली. पावडर कोटिंग करू नको, पातळ फिका रंग दे, एवढं मी सांगितलं. जाड कोटिंगखाली तडा लपतो.

परिणाम

मैदानावर काहीशे किलोमीटर झाल्यावर तो गाडी धुत होता. कण्याच्या खालच्या बाजूला, गसेटच्या (कोपऱ्याला आधार देणाऱ्या पट्टीच्या) टोकाशी, रंगात तांबूस धागा दिसला. पुसला, दुसऱ्या दिवशी परत आला. त्याने गाडी तिथेच उभी केली आणि मला फोन केला. रंग काढून आम्ही लाल पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंग) मारला, पंधरा मिनिटं थांबून पुसला, पांढरा डेव्हलपर फवारला. मिनिटभरात अठरा मिलिमीटरची लाल रेघ उमटली, बरोबर बीडच्या कडेला.

हा जोड त्याने वाईट मारला नव्हता. चूक आखणीत होती आणि ती माझ्या नजरेखालून गेली होती. गसेट ५ मिमी पट्टीचं होतं, नळी २ मिमीची. पट्टीचं टोक सरळ कापलेलं आणि त्याच्याभोवती बीड आडवं फिरवलेलं, नेमकं कण्याच्या तळाला, जिथे ताण सगळ्यात जास्त. पातळ, लवचिक नळी एकाएकी जाड, ताठ पट्टीला भेटत होती आणि सगळं लवणं त्या एका रेषेत गोळा होत होतं. कापून पाहिलं तेव्हा तिथे जरासा अंडरकटही निघाला. बीड वळवताना तो पडणारच होता.

तड्यावरून एक बीड फिरवून काम भागवावं असा मोह त्याला झाला. मी तो होऊ दिला नाही. खाली तडा राहतो आणि त्याच जागी परत उघडतो. कण्याची नळीच बदलली. नवं गसेट २ मिमी पत्र्याचं, दोन्ही टोकांना निमुळतं, नळीच्या तळाऐवजी दोन्ही कुशींना लांबीच्या दिशेने जोडलेलं. नळी वाकते तेव्हा कुशीला ताण सगळ्यात कमी असतो. टोकाला आडवं बीड नाही.

त्यानंतर त्याने हेडट्यूबचे सगळे जोड दोनदा पेनिट्रंटने तपासले. काही निघालं नाही. पेनिट्रंट फक्त पृष्ठभागावर उघडा असलेला तडा दाखवतो, म्हणून तपासणी चालूच आहे.

पुन्हा करायचं तर

नळीत मी बदल करणार नाही. मशीनमध्येही नाही. मिगही वाया गेलं नाही. जिग आणि स्टँड त्यानेच झाले.

बदलेन ते सरावात. आम्ही सहा आठवडे नळी-नळीचे जोड मारले आणि गसेटचा एकही तुकडा मारून पाहिला नाही. गसेट म्हणजे मजबुती वाढवणारी साधी पट्टी, असं दोघांनीही गृहीत धरलं. एक गसेट जोडून व्हाइसमध्ये उलटसुलट वाकवलं असतं, तर ते टोक तिथेच बोललं असतं. शिवाय जिगमधून सोडून मापं घेणं हे रोजच्या कामाच्या शेवटी व्हायला हवं होतं. ते ०.४ अंश अर्ध्यावरच पकडता आले असते आणि पुढचा पाव जोड उलट बाजूला मारून बरेचसे परत मिळवता आले असते.

तो आता एका मित्रासाठी दुसरी फ्रेम आखतो आहे. परवा कागद घेऊन आला. हेडट्यूबभोवतीचे सहा जोड एकेका पानावर मोठे करून काढलेले, गसेटची टोकं कंपासने गोल केलेली, प्रत्येक बीड कुठे सुरू होऊन कुठे थांबणार त्याचे बाण. नळीच्या नावाची जागा कोरी होती.